सेवकासाठी राखलेला तास

रविवारची उपासना संपली की पाळकाचे काम संपले, असा समज मंडळ्यांमध्ये अजून आहे. कात्रज, आंबेगाव, धनकवडी, कोंढवा या पट्ट्यात सेवा करणाऱ्या कोणत्याही पाळकाचा सोमवार ते शनिवार पाहिला, तर तो समज टिकत नाही. भारती हॉस्पिटलात कोणी दाखल असते, ससूनमध्ये कोणी अखेरच्या घटका मोजत असते. नगर, जालना, सोलापूरकडून कामासाठी आलेल्या कुटुंबाला भाड्याची खोली हवी असते, मुलाच्या शाळेसाठी कागद हवा असतो. कोणाची मुलगी घर सोडून गेलेली असते. कोणाचा नवरा दारू पिऊन बायकोवर हात उचलत असतो, आणि रविवारी दोघेही एकाच बाकावर येऊन बसणार असतात. संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा, रात्री अकरानंतर फोन. मध्येच मरण येते. मग घरच्यांना धीर देणे, पेटी, दफनभूमीतली जागा, दफनविधी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न लावायचे असते, तेही प्रसन्न चेहऱ्याने.

या सहा दिवसांत पाळक सर्वांत जास्त जे काम करतो, ते ऐकण्याचे. उपदेश आठवड्यातून एकदा, ऐकणे रोज. ऐकलेले कुठे उतरवायचे याची सोय मात्र आपल्या मंडळ्यांनी केलेली नाही. पंचांशी बोलावे, तर ज्यांची गोष्ट आहे ते पंचांचेच नातलग निघतात. घरी बोलावे, तर पाळकबाईंना रविवारी त्याच माणसांशी हसून बोलायचे असते. वरिष्ठांशी बोलावे, तर बदल्यांची यादी त्यांच्याच टेबलावर असते. मग पाळक प्रार्थनेत बोलतो. ते खरे बोलणे असते आणि पुष्कळदा पुरतेही. नेहमी पुरत नाही. प्रार्थना करणाऱ्या माणसालाही समोर बसून ऐकणारा माणूस लागतो, हे पवित्र शास्त्रच सांगते. तो माणूस कोण असावा आणि कोण नसावा, एवढ्याच गोष्टीवर मला या प्रस्तावनेत जोर द्यायचा आहे.

पुढच्या पानांत ज्याला पाळकीय सुपरव्हिजन म्हटले आहे, ते काय असते ते आधी सरळ सांगतो. पाळक, फादर, डिकन किंवा सुवार्तिक ठरलेल्या वेळी, साधारण चार ते सहा आठवड्यांतून एकदा, तास-दीड तास एका प्रशिक्षित माणसासमोर बसतो आणि आपल्या सेवेतला एखादा प्रसंग त्याच्यापुढे ठेवतो. बोलण्याचा विषय असतो त्याचे काम आणि त्या कामाने त्याचे केलेले बरेवाईट. ब्रिटनमधल्या ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८० च्या दशकात समुपदेशकांच्या सुपरव्हिजनची तीन अंगे मांडली, आणि पुढे पाळकीय क्षेत्रानेही ती आपलीशी केली. काम मर्यादेत आणि नीतीने होते आहे का, कामातून माणूस शिकतो आहे का, आणि कामाने झालेली झीज भरून निघते आहे का. आपल्याकडे या विषयाकडे कोणी वळलाच, तर तिसऱ्या अंगासाठी वळतो. पाळक फार थकलेत, त्यांना जरा विश्रांती हवी, असे म्हणतो. पहिल्या दोन अंगांशिवाय ती विश्रांती चार दिवसांच्या रजेपलीकडे जात नाही. परत आल्यावर तेच फोन, तीच माणसे आणि त्यांच्यापुढे तसाच उभा राहणारा तोच पाळक.

निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसला आहे. सासरे इथ्रो भेटीला येतात, दिवसभर पाहतात आणि जावयाला तोंडावर सांगतात की हे बरे नाही, अशाने तूही खंगशील आणि हे लोकही. आपल्या उपदेशांत हा अध्याय येतो तो पुढारी नेमण्याचा, काम वाटून देण्याचा धडा म्हणून. मला इथ्रोंच्या वागण्याचा क्रम अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी आधी पाहिले, मग विचारले, मग सांगितले. शिवाय इथ्रो होते कोण? मिद्यानी याजक. इस्राएलाच्या छावणीत त्यांना पद नाही. ते मोशेचे वरिष्ठ नाहीत, हाताखालचेही नाहीत, आणि बोलणे झाल्यावर ते आपल्या देशी निघून जातात. जिव्हाळ्याचा, पण छावणीत ज्याला काही मिळवायचे नाही आणि काही गमवायचेही नाही, असा हा माणूस आहे. मोशेने त्यांचे निमूटपणे ऐकले, याचे अर्धे कारण मला इथे दिसते.

एलीयाची कथा याहून अंगावर येणारी आहे. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा दुसऱ्याच प्रसंगात रानात रतामाच्या झुडुपाखाली बसून मरण मागतो. तू विश्वासात कमी पडलास, असे त्याला कोणी म्हणत नाही. त्याला झोप मिळते, भाजलेली भाकर मिळते, पाणी मिळते, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. प्रश्न येतो तो होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी: इथे काय करतो आहेस? तो दोनदा विचारला जातो. एलीया दोन्ही वेळा तेच उत्तर देतो, आणि ते दोन्ही वेळा ऐकून घेतले जाते. त्यानंतरच त्याला पुढचे काम आणि अलीशासारखा सोबती मिळतो. आपल्या मंडळ्यांत हा क्रम उलटा चालतो. पाळकाला झोप येत नाही, उपदेशाची तयारी होत नाही, माणसांचा कंटाळा येतो, हे कळले की पहिले वाक्य येते, "पास्टर, प्रार्थना कमी पडत असेल." हे वाक्य ज्याने एकदा ऐकले, तो दुसऱ्यांदा कोणापुढे तोंड उघडत नाही.

ऐकणारा आणि अधिकार चालवणारा वेगळा असावा, हे कॅथलिक परंपरेने फार पूर्वी ओळखले आणि नियमात बांधून ठेवले. १९८३ च्या धर्मविधानसंहितेतला २४० वा नियम सांगतो की सेमिनरीतल्या विद्यार्थ्याला दीक्षा द्यायची की काढून टाकायचे, हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे किंवा पापांगीकार ऐकणाऱ्या धर्मगुरूचे मत कधीही विचारता येणार नाही. ६३० वा नियम संन्यस्त संघांच्या वरिष्ठांना बजावतो की हाताखालच्यांनी आपले अंतःकरण तुमच्यापुढे उघडावे म्हणून त्यांच्यावर कोणताही दबाव आणू नका. रिट्रीट हे धर्मगुरूचे कर्तव्य आणि वार्षिक रजा हा त्याचा हक्क, हेही याच संहितेत आहे. पुण्याच्या नगर रस्त्यावरची पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आली. तेव्हापासून या शहरात घडलेल्या धर्मगुरूंच्या पिढ्यांना ही वाटणी अंगवळणी पडलेली आहे. दीक्षेनंतर एकट्या धर्मग्रामात राहणाऱ्या फादरला तो मार्गदर्शक वर्षातून किती वेळा भेटतो, हा वेगळा प्रश्न आहे. पण तत्त्व तरी शाबूत आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आपण बिशप, सुपरिंटेंडेंट किंवा पंच कमिटीचा अध्यक्ष या एकाच माणसाकडे दोन्ही कामे सोपवली आहेत. तोच पाळकाचा धीर, तोच त्याचा मालक. त्या माणसाचे मन कितीही मोठे असो, ज्याच्या सहीने बदली होते त्याच्यापुढे कोणी आपली भीती बोलून दाखवत नाही.

मराठी ख्रिस्ती इतिहासात या एकटेपणाच्या खुणा जागोजागी आहेत. काशीला स्थायिक झालेल्या कोकणस्थ घराण्यातले नीलकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोऱ्हे म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे पुण्यात कौली संघाच्या पंचहौद मिशनशी त्यांचा निकटचा संबंध आला. षड्दर्शनांचा एवढा अभ्यास असलेला हा माणूस आयुष्यभर शंकांनी पोळत राहिला, हे त्यांच्या चरित्रातून लपत नाही. पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती श्रद्धेकडे वळवण्यात त्यांच्या लिखाणाचा वाटा होता. दुसऱ्यांच्या शंका निवारणारा माणूस स्वतःच्या शंकांशी रात्ररात्र झुंजतो, यात विसंगती काहीच नाही. सेवेचे ते नित्याचेच रूप आहे. निदान कौली संघाच्या त्या धर्मबंधूंकडे मौनाचे, पापांगीकाराचे, ठरावीक भेटीचे वळण होते. त्या काळच्या बहुतेक देशी पाळकांना तेवढेही मिळाले नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे तर सगळे घरच आपल्यापुढे उघडे आहे, कारण लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ते 'ज्ञानोदय'चे संपादन पाहत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे काम आणि पगार सोडला, साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला आणि दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचा अंत झाला. एवढ्या मोठ्या माणसाच्या भक्तीबद्दल मला आदराखेरीज काहीच वाटत नाही. पण 'स्मृतिचित्रे' पाळकाच्या घराची कहाणी म्हणून वाचून पाहा. हातातला पैसा दारी आलेल्याला देऊन टाकणारा, न सांगता घराबाहेर पडणारा, क्षणात संतापणारा आणि क्षणात विरघळणारा सेवक. आणि त्या सेवेचा हिशेब चुलीपाशी बसून जुळवणारी त्याची पत्नी. प्लेग आणि दुष्काळ यांच्या वर्षांत हे घर अनाथांचे, आजाऱ्यांचे घर झाले. टिळकांचे बोलणे मिशनरी मंडळींशी होत होते, आणि ती मंडळी त्यांचे मित्र होती तशीच मालकही होती. लक्ष्मीबाईंनी विनोदाच्या आधाराने जे पेलले, ते पेलण्याची ताकद प्रत्येक पाळकबाईत असेलच, असे धरून आजही मंडळ्या चालल्या आहेत. म्हणून या पुस्तिकेत पाळकाच्या कुटुंबासाठी स्वतंत्र प्रकरण असणे मला आवश्यक वाटते. ज्या सुपरव्हिजनमध्ये घराचा विषय निघत नाही, ते अर्धवट आहे.

या कामाला आजचे रूप मिळाले ते पश्चिमेत, आणि त्याची सुरुवात एका रुग्णाने केली. अँटन बॉइसन हे अमेरिकी पाळक १९२० मध्ये स्वतः मनोरुग्णालयात दाखल झाले होते. बरे झाल्यावर त्यांनी ठरवले की पाळकांनी पुस्तकांइतकीच जिवंत माणसे वाचायला शिकावीत. १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर राज्य रुग्णालयात त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आणली. पुढे रसेल डिक्स यांनी एक साधी पद्धत रुळवली. रुग्णाशी झालेले बोलणे घरी जाऊन आठवेल तसे शब्दशः लिहायचे आणि मार्गदर्शकासमोर ठेवायचे. आपण कुठे विषय बदलला, कुठे घाईने वचन सांगितले, रडणाऱ्या माणसाला कुठे थांबवले, हे त्या कागदावर लख्ख दिसते. मराठीत हे काम कोणी करून पाहिले, तर दिसेल की आपले पाळक फार लवकर प्रार्थनेला सुरुवात करतात. समोरचे दुःख सहन होत नाही म्हणून डोळे मिटले जातात. हे कळण्यात अपराध काहीच नाही, आणि कळल्यावर पुढच्या भेटीत माणूस चार मिनिटे अधिक गप्प बसू शकतो.

हे काम पश्चिमेत रुजण्याचे दुसरे कारण वेदनेचे आहे आणि ते झाकून ठेवता येणार नाही. ब्रिटनच्या मेथडिस्ट चर्चने आपल्याकडच्या अत्याचाराच्या जुन्या प्रकरणांची छाननी करून २०१५ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यानंतर त्यांनी आपल्या धर्मसेवकांना नियमित सुपरव्हिजन बंधनकारक केले. ऑस्ट्रेलियात बालकांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने डिसेंबर २०१७ च्या अंतिम अहवालात शिफारस केली की धार्मिक सेवेत असलेल्या प्रत्येकाला प्रशिक्षित सुपरवायझर हवा, आणि तो त्या संस्थेपासून काही अंशी स्वतंत्र हवा. म्हणजे जी गोष्ट इथ्रोंच्या कथेतून सुचते, तीच चौकशी आयोगाला हजारो पीडितांचे ऐकल्यावर लिहावी लागली. सेवकाच्या एकटेपणाची किंमत नेहमी सेवक एकटा मोजत नाही. कधी ती मंडळीतली लहान मुले मोजतात, कधी आधारासाठी आलेली विधवा मोजते. ज्याला आठवडेच्या आठवडे कोणी प्रश्न विचारत नाही, त्याच्या हातातली सत्ता त्याच्याही नकळत वाढत जाते.

कात्रजच्या बाजूला हा धोका दुसऱ्या टोकाने येतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अस्तित्वात आले, आणि त्याच्या किंवा कॅथलिक धर्मप्रांताच्या छत्राखालच्या पाळकाला वरिष्ठ जास्त आहेत अशी अडचण असते. भाड्याच्या हॉलमध्ये, इमारतीच्या तळमजल्यावर किंवा कोणाच्या फ्लॅटमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला वरिष्ठच नसतो. महामार्गाच्या दोन्ही बाजूंनी वस्ती वाढली तशा अशा मंडळ्याही वाढल्या. त्यांचे पाळक बहुधा स्वतःच मंडळीचे संस्थापक असतात, उपदेशक असतात, खजिनदार असतात, कधी दिवसा नोकरी करणारे असतात. त्यांचा उत्साह पाहून मन भरून येते. पण रविवारी हॉल मिळेल का, जागेचा मालक काय म्हणेल, शेजाऱ्यांनी तक्रार केली तर काय, ही धास्ती ते कोणाशी वाटून घेणार? बदलीची भीती नाही, तसा बदलीचा दिलासाही नाही. कात्रजपासून फार दूर नसलेल्या बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेली ही संस्था १९८३ मध्ये पुण्यात आली. देशभरातले विद्यार्थी तिथे ग्रीक, हिब्रू, धर्मशास्त्र शिकतात. अशा ठिकाणाहून शिकून बाहेर पडलेला तरुण आणि रात्रशाळेत बायबल शिकून सेवेत आलेला रिक्षावाला भाऊ, दोघेही सेवेच्या दहाव्या वर्षी एकाच जागी पोहोचतात. दोघांनाही विचारणारे कोणी उरत नाही.

कात्रजच्या तळ्यातून पेशव्यांच्या पुण्याला पाणी नेणारा भुयारी नळ इथल्या लोकांना माहीत आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, तो बांधला गेला. बांधणाऱ्यांनी गाळ बसायला हौद ठेवले, हवेसाठी उच्छ्वास ठेवले, आणि नळ इतका उंच केला की माणूस आत उतरून चालू शकेल. गाळ साचणार हे त्यांनी गृहीत धरले होते. सेवेची रचना करतानाही हेच गृहीत धरायला हवे. पाळक आजारी पडल्यावर, घर मोडल्यावर किंवा वर्तमानपत्रात नाव आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा, त्याच्या नेमणुकीच्या पत्रातच सुपरव्हिजनचा तास लिहिलेला असावा.

हा तास प्रत्यक्षात कसा चालतो, ते पुढे सविस्तर येईल. इथे एक कल्पित प्रसंग पुरे. समजा, मंडळीतली एक विधवा रोज रात्री पाळकाला फोन करते. सुरुवातीला दहा मिनिटे, मग तासभर. पाळकबाई गप्प झाल्या आहेत. पाळक म्हणतो, "ती एकटी आहे हो, तिला कसे तोडू?" सुपरवायझर सल्ला देत नाही. तो विचारतो, "फोन वाजला की तुमच्या मनात पहिल्यांदा काय येते?" बराच वेळ शांतता. मग पाळक सांगतो की त्याची आई अशीच एकटी गेली, तो दुसऱ्या गावी सेवेत असताना. आता बोलणे विधवेवरून पाळकाकडे येते, आणि तिथून पुन्हा विधवेकडे. तिच्या सोबतीसाठी मंडळीतल्या दोन बहिणी जाऊ शकतील का, फोनची वेळ कोणती ठरवायची, पाळकबाईंशी आज काय बोलायचे. नियम मोडण्याआधी आणि अब्रू जाण्याआधी एक गाठ सुटली.

असे बोलणे व्हायचे तर गुप्तता हवी, आणि तिच्या मर्यादाही पहिल्याच दिवशी सांगितलेल्या हव्यात. मंडळीतल्या माणसांची नावे सुपरव्हिजनमध्ये येत नाहीत. तिथले बोलणे बिशपांकडे किंवा पंचांकडे जात नाही. त्यांना एवढेच कळते की भेटी नियमित होत आहेत. पण लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याचा धोका असल्याचे समोर आले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे ते पोलिसांना कळवणे भाग आहे, आणि तिथे पाळकाची किंवा मंडळीची अब्रू आड येऊ शकत नाही. पाळकाच्या स्वतःच्या जिवाला धोका दिसला, तरी गुप्तता मागे पडते. सुपरवायझर डॉक्टर नाही. महिनोन्महिने झोप नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडेच जायला हवे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा त्याचा हक्क केला आहे, आणि १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या पाळकाचा विश्वास आपण तपासत नाही. नैराश्याची गोळी घेणाऱ्याचाही तपासू नये.

आता खर्चाचे. सुपरव्हिजनचे पैसे पाळकाच्या तुटपुंज्या मानधनातून गेले, तर ती चैन ठरते आणि दुसऱ्याच महिन्यात बंद पडते. मंडळीच्या वार्षिक अंदाजपत्रकात ध्वनिक्षेपकाच्या दुरुस्तीला ओळ असते, नाताळच्या मांडवाला असते, तशीच याला हवी. चार-पाच लहान मंडळ्यांनी मिळून एक सुपरवायझर ठरवावा. ज्या भागात प्रशिक्षित माणूसच नाही, तिथे तीन पाळकांनी आळीपाळीने एकमेकांचे ऐकावे. मात्र तिघे तीन वेगवेगळ्या मंडळ्यांचे असावेत आणि कोणी कोणाच्या बदलीशी, पगाराशी, नात्याशी बांधलेला नसावा. स्त्री पाळकांनी शक्य तिथे स्त्री सुपरवायझर मागावी आणि ती मागणी कोणी वेगळ्या नजरेने पाहू नये. दीक्षित स्त्रियांना मंडळीत जे ऐकून घ्यावे लागते, ते पुरुष वरिष्ठांपुढे बोलणे अजून सोपे नाही.

ही पुस्तिका वाचताना पाळकांनी ती एकट्याने संपवू नये, असे मी सुचवीन. पहिली दोन प्रकरणे पंचांबरोबर वाचावीत, कुटुंबाचे प्रकरण पाळकबाईंनी किंवा पाळकिणीच्या यजमानांनी आधी वाचावे. शेवटी कराराचा जो नमुना दिला आहे, त्यात आपल्या मंडळीच्या सोयीने फेरफार करावा. भेटींची संख्या, जागा, भाषा, मानधन, सगळे बदलता येईल. एक कलम मात्र बदलू नये: सुपरवायझर पाळकाच्या नेमणुकीत, बदलीत किंवा पगारात कोणत्याही प्रकारे सहभागी असणार नाही. पहिल्या भेटीला जाताना पाळकाने मागच्या महिन्यातला एकच प्रसंग आठवेल तसा लिहून न्यावा, शक्यतो असा, ज्यात आपण नेमके काय करायला हवे होते हे अजूनही उमगलेले नाही.

कात्रज, पुणे